‘आपण’ इंग्रजांना हरवलं! पण ‘आपण’ म्हणजे कोण?

नेदरलँड्समधून एका आईचं पत्र आलंय. ती आणि नवरा दोघं नोकरीनिमित्त आठ वर्षांपूर्वी तिकडे गेले, तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. आता तो दहा वर्षांचा आहे आणि डच शाळेत ग्रूप सातमध्ये शिकतो, म्हणजे साधारण आपली पाचवी. तिथे प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर एखाद्या विषयावर बोलायचं असतं. त्याने मिखिल दे रॉयटर हा सतराव्या शतकातला डच दर्यावर्दी सेनानी निवडला. एका संध्याकाळी तो धावत आला आणि म्हणाला, “आई, 1667 मध्ये आपण इंग्रजांना त्यांच्याच नदीत जाऊन हरवलं!” तिला क्षणभर आनंद झाला आणि मग पोटात खड्डा पडला. सावंतवाडीचे आजोबा, म्हणजे तिचे सासरे, नेमके व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी विचारलं, “आपण म्हणजे रे कोण?” पोरगा हिरमुसला आणि उठून खोलीत गेला.

दोन आठवड्यांनी वर्गात डच ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणजे व्हीओसीचा धडा झाला. पुस्तकात जहाजं, मसाले, नकाशे हे सगळं ठळक, आणि गुलामगिरीवर त्या मानाने थोडकंच. शेजारच्या मुलाने विचारलं, “मग तुमचे लोक आमच्यासाठी मिरी पिकवायचे का?” ह्याला उत्तर सुचलं नाही. आईला वाटतं, शाळेत जाऊन ठामपणे बोलावं. नवरा म्हणतो, जिथे राहतो तिथला इतिहास शिकेल, त्यात काय बिघडलं? आजोबांचं म्हणणं, दर रविवारी तासभर फक्त शिवचरित्र शिकवा, नाहीतर पोरगं हातचं जाईल. ती विचारते: शाळेत बोलू का? घरी वेगळा वर्ग सुरू करू का? आणि त्याचा तो ‘आपण’ दुरुस्त करू की नको?

*

तुमचं पत्र वाचून मी सगळ्यात आधी त्या एका शब्दापाशी थांबले. तुम्ही, तुमचे सासरे, तुमचे यजमान, तिघंही त्या शब्दाभोवतीच फिरताय, पण मुलाने तो कसा वापरला हे कुणी पाहिलेलं दिसत नाही.

डच भाषेत ‘वेई’ हा एकच शब्द आहे. बोलणारा आणि त्याच्यासोबतचे, बस. समोरचा त्यात आहे की नाही हे त्या शब्दातून कळत नाही. आपल्याकडे मात्र दोन शब्द आहेत आणि त्यांच्यात केवढं अंतर आहे हे मराठी घरात वाढलेल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटलं की ऐकणारा घरीच राहतो. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो चपला घालायला उठतो. तुमचा मुलगा शाळेतून ‘वेई’ घेऊन आला. घरच्या उंबऱ्यावर त्याला त्याची मराठी करायची होती. ‘आम्ही इंग्रजांना हरवलं’ असं तो म्हणू शकला असता. मग मात्र तुम्हाला वाईट वाटणं रास्त होतं, कारण त्या वाक्यात तो पलीकडे आणि तुम्ही अलीकडे उभ्या असतात. तो ‘आपण’ म्हणाला. त्याने तुम्हाला सोबत घेतलं. आजोबांनासुद्धा. त्याला एक मजेची, अभिमानाची गोष्ट सापडली होती आणि ती वाटून घ्यायला तो धावत आला होता.

सासऱ्यांच्या प्रश्नाने तो हिरमुसला तो त्यामुळे. त्यांच्या मनात तसं काही नसेल, पण त्याच्या कानाला ते ‘तू आमच्यातला नाहीस’ असं ऐकू आलं असणार. आणि पंधरा दिवसांनी वर्गातल्या मित्राने ‘तुमचे लोक’, ‘आमच्यासाठी’ असं म्हणून दुसऱ्या बाजूनेही तेच ऐकवलं. दहा वर्षांच्या पोराला एकाच महिन्यात दोन्हीकडून उंबऱ्याबाहेर काढलं गेलं. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला हे दिसतं. पुस्तकात किती ओळी आहेत, त्याचा विचार नंतर करू.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो ‘आपण’ दुरुस्त करू नका. त्यात आणखी माणसं आणा.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. चौथीच्या पुस्तकातून शिवचरित्र शिकवताना वर्गात जो आवाज चढतो, तो मी कित्येक पिढ्यांकडून ऐकलाय: “आपण अफजलखानाला मारलं!” ती पोरं कुठली? कुणाचे आजोबा बेळगावहून आलेले, कुणाचं घर मूळचं आंध्रातलं, कुणी मारवाडी, कुणी मुसलमान. मी एकालाही कधी विचारलं नाही की ‘आपण म्हणजे रे कोण?’ विचारायचं सुचलंही नाही. वर्गात बसलेलं प्रत्येक पोर त्या ‘आपण’मध्ये होतं. तुमच्या मुलाच्या वर्गातही तेच घडतंय. मग तो ‘आपण’ इकडे गोड आणि तिकडे कडू का लागावा, एवढं स्वतःला विचारून पाहा. इतिहास रक्तातून येतो असं आपण धरून चाललोय का? मला तरी तो सहवासातून येतो असं वाटतं. ज्या गल्लीत सायकल शिकलो, ज्या कालव्यावर थंडीत बर्फ धरायची वाट पाहिली, तिथल्या गोष्टी आपल्या होत जातात.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे वळते. डच शाळेत वसाहतींचा काळा भाग झाकून ठेवतात, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. पुस्तकात तो भाग कमी आहे ही तुमची तक्रार मी खोटी म्हणत नाही. पण तिथली व्यवस्था कशी चालते हे कळलं तर शाळेत काय बोलायचं हे सोपं होईल.

नेदरलँड्समध्ये आपल्या बालभारतीसारखं सगळ्यांना एकच सरकारी पुस्तक नसतं. त्यांच्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने शाळांना शिक्षणाचं स्वातंत्र्य दिलंय. मुलांना काय यायला हवं ते सरकार ठरवतं, पण पुस्तक कुठलं आणि शिकवायचं कसं हे शाळा ठरवते. इतिहासाचे दहा कालखंड केलेले आहेत आणि त्यांची नावंसुद्धा पोरांना आवडतील अशी आहेत: शिकारी आणि शेतकऱ्यांचा काळ, भिक्षू आणि सरदारांचा काळ, केसांचे टोप आणि क्रांत्यांचा काळ. त्या चौकटीत शिक्षकांच्या हाताशी ‘कॅनन’ असतो, म्हणजे देशाच्या इतिहासातल्या निवडक विषयांची यादी. 2006 मध्ये फ्रिट्स फान ओस्ट्रोम यांच्या समितीने तो पहिल्यांदा तयार केला. त्यात 50 विषय आहेत आणि त्यांना धडे न म्हणता ‘खिडक्या’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. खिडकीतून सगळं दिसत नाही, पण बाहेर बघायची सोय होते. 2020 मध्ये जेम्स केनेडी यांच्या समितीने त्या खिडक्या पुन्हा तपासल्या, काही बंद केल्या, काही नव्या उघडल्या.

नव्या उघडलेल्यांपैकी एक तुमच्या मुलासाठीच आहे असं मला वाटतं. आन्तोन दे कोम. 1898 मध्ये सुरीनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीच्या, पारामारिबो गावात जन्मलेला माणूस, त्याचे वडील गुलामगिरीत जन्मले होते. 1934 मध्ये त्याने सुरीनामच्या गुलामांचा इतिहास गुलामांच्या बाजूने लिहिला. पुढे जर्मनांनी नेदरलँड्स व्यापलं तेव्हा हा माणूस डच भूमिगत चळवळीत उतरला, पकडला गेला आणि 1945 मध्ये छळछावणीत मेला. ज्या देशाने त्याच्या वाडवडिलांना साखळदंड घातले, त्याच देशाच्या स्वातंत्र्यासाठी तो गेला. आता सांगा, त्याचं ‘वेई’ कोणतं? हा प्रश्न मुलाला विचारा. उत्तर सुचवू नका.

तेव्हा तुम्ही युफशी बोलायला जाल (तिकडची पोरं बाईंना युफच म्हणतात ना), तेव्हा ‘तुमचं पुस्तक एकांगी आहे’ अशी सुरुवात नको. पुस्तक त्यांनी लिहिलेलं नाही, आणि पुस्तकाबाहेर जायची मुभा त्यांना आहेच. पालकभेटीची ती दहा मिनिटं वादात घालवू नका. मित्राने काय विचारलं आणि मुलाला उत्तर देता आलं नाही, हा प्रसंग जसाच्या तसा सांगा. मग म्हणा, ‘व्हीओसीच्या नकाशावर जी गावं आहेत, त्यातल्या एकाजवळ त्याचे आजोबा राहतात. त्याबद्दल त्याला वर्गात पाच मिनिटं बोलता येईल का?’ चांगली शिक्षिका ही संधी सोडणार नाही. मी तरी सोडली नसती. तरीही नाही म्हणाल्या, तर मुख्याध्यापकांकडे जाणं हा पुढचा मार्ग आहे, पण ती वेळ आधीच धरून चालू नका.

आणि हे तुम्ही फक्त स्वतःसाठी मागत नाही, हेही लक्षात असू द्या. त्या वर्गात बहुधा सुरीनाम, अँटिलीज, इंडोनेशिया, मोरोक्को, तुर्कस्तान इथली मुळं असलेली पोरंही बसत असतील. हेगमध्ये राहणारे हिंदुस्तानी तर तुम्हाला भेटले असतीलच, भोजपुरी वळणाची भाषा बोलणारे. 5 जून 1873 रोजी ‘लल्ला रुख’ नावाचं जहाज कलकत्त्याहून निघून पारामारिबोला लागलं. गुलामगिरी गेल्यावर मळ्यांना मजूर हवे होते म्हणून करारावर माणसं नेली. 1916 पर्यंत सुमारे 34,000 माणसं गेली. त्यांचे पणतू-खापरपणतू आज डच आहेत. तुमच्या मुलाच्या आधी दीडशे वर्षं हा ‘आपण म्हणजे कोण’ प्रश्न त्यांनी अंगाखांद्यावर वागवलाय.

गुलामगिरीबद्दल दहा वर्षांच्या मुलाशी बोलावं का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्रात ती धास्ती आहे. बोला. साध्या वाक्यांत बोला. 1 जुलै 1863 ला डच सरकारने सुरीनाम आणि कॅरिबियन बेटांवरची गुलामगिरी बंद केली. सुरीनाममध्ये सरकारने प्रत्येक गुलामामागे 300 गिल्डर भरपाई दिली. कुणाला? मालकाला! आणि सुटलेल्या माणसांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबणं सक्तीचं होतं. ‘कुणाला?’ या प्रश्नापाशी थांबा आणि मुलाला अंदाज करू द्या. वर्गात असा प्रश्न टाकला की पोरं आधी चुकीचं उत्तर देतात, मग खरं ऐकून रागावतात. तो राग त्यांचा स्वतःचा असतो, कुणी दिलेला नसतो, म्हणून टिकतो. डिसेंबर 2022 मध्ये पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी आणि 1 जुलै 2023 ला अ‍ॅमस्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये राजाने स्वतः माफी मागितली, हेही सांगा. देशाचा प्रमुख उभा राहून ‘चुकलं’ म्हणतो हे मुलांनी बघण्यासारखं आहे. ती माफी पुरेशी आहे का, यावर तिकडे मतभेद आहेत, तेही सांगितलंत तरी चालेल.

एक छोटीशी गोष्ट स्वयंपाकघरात करून बघा. पुढच्या वेळी श्रीखंड किंवा पुरण कराल तेव्हा जायफळ त्याला किसायला द्या. त्या लहानशा, तपकिरी, आत नक्षी असलेल्या बीचा वास हातांना दिवसभर राहतो. डच शेजारीण फ्लॉवरवर आणि फरसबीवर तेच जायफळ किसते. मग नकाशा काढा आणि बांदा बेटं शोधायला लावा, इंडोनेशियाच्या पूर्व भागात अगदी ठिपक्याएवढी. सतराव्या शतकात जगाचं सगळं जायफळ तिथून यायचं. 1621 मध्ये यान पीटरझून कोन याने व्हीओसीच्या फौजा घेऊन ती बेटं जिंकली. तिथले बहुतेक लोक मारले गेले, गुलाम झाले किंवा पळून गेले. मक्तेदारी हवी होती, म्हणून. होर्न गावात कोनचा पुतळा 1893 पासून उभा आहे, आणि तो तिथे असावा का यावर वाद होत आलेत. सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन यायला हरकत नाही. ‘तू असतास तर पुतळ्याखाली काय लिहिलं असतंस?’ एवढंच विचारा.

आता रविवारचा वर्ग. सासऱ्यांची कळकळ मला समजते. नातवाला महाराज माहीत नसावेत, या विचाराने मराठी माणसाच्या जिवाला जे होतं ते मी जाणते. शिवचरित्र जरूर शिकवा. पण डच इतिहासावर उतारा म्हणून नको. एका अभिमानावर दुसरा अभिमान झाकण म्हणून ठेवला की पोराला एवढंच कळतं की इतिहास म्हणजे कुणाचा वीर मोठा ते ठरवायची कुस्ती. मग जिथे जास्त मित्र, तिकडे तो झुकणार, आणि मित्र शाळेत आहेत.

त्यापेक्षा जेवणघराच्या भिंतीवर एक लांब कागद चिकटवा. वरच्या बाजूला डच, खाली मराठी, मध्ये सालं. दे रॉयटर 1607 ते 1676, महाराज 1630 ते 1680. दोघं एकाच काळातले! 1664 घ्या. त्या वर्षी दे रॉयटर आरमार घेऊन पश्चिम आफ्रिकेकडे निघाला. त्याच वर्षी महाराजांनी सुरत लुटली, तिथे डचांची वखार होती, आणि त्याच वर्षी मालवणला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. 1667 घ्या. मेडवे नदीत शिरून डचांनी इंग्रजांची जहाजं जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे मानाचं जहाज ओढून नेलं. महाराज आदल्याच वर्षी आग्र्याहून निसटून आले होते. 1672 घ्या. डच त्या सालाला ‘आपत्तीचं वर्ष’ म्हणतात, कारण इंग्रज, फ्रेंच आणि दोन जर्मन बिशप एकदम चालून आले आणि डचांनी आपलीच जमीन पाण्याखाली घालून शत्रूला अडवलं. इकडे त्या वर्षी साल्हेरला मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. दोन छोटी राज्यं, दोन्हींसमोर अवाढव्य शत्रू. पाण्याचा आणि डोंगराचा आधार कसा घेतला, हे दोन्हीकडे ताडून बघताना मुलाला जी मजा येईल ती नुसत्या व्याख्यानात नाही. आजोबांनी खालची बाजू भरावी, नातवाने वरची. दर रविवारी एक साल.

‘रॉयल चार्ल्स’च्या पाठीवरचं कोरीव राजचिन्ह, सिंह आणि एकशिंगी घोडा असलेलं, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये लावलेलं आहे. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. त्याला ते दाखवलं नसेल तर आधी तिथे न्या, कारण त्याचा आनंद खरा आहे आणि तो त्याचा हक्काचा आहे.

आणि तिथेच, त्या चिन्हासमोर उभं असताना, दे रॉयटरचं उरलेलं चरित्र सांगा. 1664 च्या त्या मोहिमेत त्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची जी ठाणी इंग्रजांकडून परत घेतली, तिथून माणसांचा व्यापार चालायचा. तोच माणूस मरणाच्या थोडं आधी, 1676 मध्ये, नेपल्सला जहाजांवर वल्ही मारायला जुंपलेल्या 26 हंगेरियन धर्मोपदेशकांना सोडवून आणतो. त्यांच्या लेखी तो तारणहार, आणि आजही हंगेरीत त्याचं नाव आदराने घेतात. एकाच माणसाच्या हातून दोन्ही झालं. दहा वर्षांच्या मुलाला हे झेपतं का? मोठ्यांपेक्षा बरं झेपतं. वर्गातला जो मुलगा खेळात दांडगाई करतो तोच पावसात छत्री देतो, हे तो रोज बघतोच.

हीच फूटपट्टी खालच्या ओळीलाही लावावी लागेल, आणि इथे मी सासऱ्यांशीही बोलते आहे. डचांचा कोन आणि त्यांचे मळे नातवाला दाखवायचे आणि आपल्या घरातलं कपाट बंद ठेवायचं, असं चालणार नाही. पेशवाईच्या दप्तरांत बटकी आणि कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. जातीपायी माणसांना काय भोगावं लागलं हे सांगायला तर दप्तरही नको. आज लगेच सगळं सांगा असं नाही. पण पोरगं एक दिवस विचारेल, तेव्हा ‘आपल्यात तसलं काही नव्हतं’ हे उत्तर तोंडातून जाऊ देऊ नका. त्या दिवशी तो तुमच्यावरचा विश्वास गमावेल, आणि मग महाराजांच्या गोष्टीवरचाही.

महाराजांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट अशी आहे जी त्या दोन्ही ओळींना मधोमध जोडते. 1677 मध्ये महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर होते तेव्हा डचांनी त्यांच्याकडे व्यापाराच्या परवानगीसाठी कौल मागितला. महाराजांनी तो दिला, पण त्यात एक अट घातली. पूर्वीच्या राजवटीत तुम्हाला इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेता येत होते. माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही, कुणी तसं करू लागला तर माझी माणसं त्याला अडवतील, असा त्याचा आशय. हा कौल टिकला तो डचांच्या कागदपत्रांत, डच भाषेत! महाराजांचं एवढं मोठं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचलं ते वलंदेज, म्हणजे डच, कारकुनांनी नीट उतरवून ठेवलं म्हणून. व्हीओसीची कागदपत्रं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, मांडली तर एक किलोमीटरहून लांब भरतात, आणि वेंगुर्ल्याच्या वखारीतून गेलेली पत्रंसुद्धा त्या दफ्तराचाच भाग. तुमच्या घरापासून आगगाडीच्या अंतरावर.

वलंदेज हा शब्द मुलाला आवर्जून शिकवा. मराठी दफ्तरांत डचांचं नाव तेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, फरांसिस यांच्या जोडीला वलंदेज आहेत, आणि हे टोपीकर व्यापारी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी एकेक राजा आहे, असा सावधगिरीचा इशाराही आहे. डचांच्या नकाशावर वेंगुर्ला हा ठिपका आहे, तसा आपल्या कागदांतही डचांचा ठिपका आहे, हे त्याला कळू दे. ते आपल्याला बघत होते आणि आपण त्यांना बघत होतो. मित्राच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे. ‘आम्ही तुमच्यासाठी मिरी पिकवायचो का?’ नाही. विकायचो. भाव करायचो, अटी घालायचो, कधी हाकलायचो. 1741 मध्ये कोळचलला त्रावणकोरच्या मार्तंड वर्माने व्हीओसीच्या फौजेला हरवलं, तेही त्याला सांगून ठेवा. पण मित्राच्या तोंडावर मारायला नाही. तो मित्रही दहाच वर्षांचा आहे आणि त्याने कुतूहलाने विचारलं असावं, असं धरून चाला.

वेंगुर्ल्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचे सासरे सावंतवाडीला आहेत आणि ह्या पत्राचा धागा मला तिथेच सापडला. 1637 च्या सुमारास डचांनी तिथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना शिधापाणी, बातम्या आणि व्यापार, सगळ्यासाठी ती जागा सोयीची होती. मी एकदा शाळेची सहल तिथे नेली होती. पडक्या जाड भिंती, त्यांच्यात घुसलेली मुळं, आत गवत. पोरं डबे उघडून बसली. एक मुलगी भिंतीला हात लावून उभी होती. मला म्हणाली, “बाई, त्यांना घरची आठवण येत असेल का हो?” मी त्या वखारीवर मालाच्या याद्या, सालं, करार असं बरंच शिकवलं होतं. हा प्रश्न माझ्या टिपणात नव्हता. महिनोन् महिने समुद्र कापून आलेली, तापाने फणफणलेली, भाषा न कळणारी विशी-पंचविशीतली डच पोरं त्या भिंतींच्या आत झोपत होती. परक्या मुलखात नोकरीसाठी आलेली. तुम्हाला हे मी काय सांगू?

तिकडे राहणाऱ्या इतर मराठी आईबापांनाही ह्यातलं बरंच उपयोगी पडेल. तुमच्या गावाजवळ वेंगुर्ला नसेल, पण पुलिकत असेल, सुरत असेल, कोची असेल, नागपट्टण असेल. काहीच नसेल तर कापड आहे. डच भाषेत रंगीत फुलांच्या छपाईच्या सुती कापडाला ‘सित्स’ म्हणतात. आपल्या आजीच्या तोंडचं ‘चीट’, चिटाचं परकर-पोलकं, तोच शब्द. लेउवार्डनच्या फ्रीस म्युझियममध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेल्या चिटाचे जुने अंगरखे जपून ठेवलेत. पोराला समोर उभं करून फक्त दोन्ही शब्द एकापाठोपाठ म्हणायला लावा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं, जिथे राहतो तिथला इतिहास शिकेल, हे मला पटतं, पण अर्धंच. नुसतं सोडून दिलं की पोर तो इतिहास दुसऱ्याच्या घरातल्यासारखा शिकतं, मान खाली घालून, परीक्षेपुरता. 4 मेच्या संध्याकाळी आठ वाजता महायुद्धातल्या मृतांसाठी अख्खा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. तुम्ही तिघं त्या वेळी काय करता? गावातल्या स्मारकापाशी जाऊन उभे राहत नसाल तर यंदा राहा. आन फ्रांक ज्या घरात लपली त्याच्यासमोरून तुम्ही पाहुण्यांना घेऊन दहादा गेला असाल. ते दुःखही आता त्याच्या वाट्याचं आहे, जशी मेडवेची मजा त्याच्या वाट्याची आहे.

सासऱ्यांना माझा निरोप द्या. पाऊस उघडला की एखाद्या शनिवारी दुपारी अडीचच्या सुमाराला वेंगुर्ल्याला वखारीपाशी जाऊन उभे राहा म्हणावं. हिवाळ्यात त्या वेळी तुमच्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. भिंती पडक्या आहेत, फार आत शिरू नका, बाहेरून दिसेल तेवढं पुरे. तिथून नातवाला व्हिडिओ कॉल लावा आणि फोन भिंतीकडे वळवा. काही शिकवू नका, विचारू नका. फक्त म्हणा, “बघ रे, इथे आपण राहत होतो.” मग तो विचारेल, “आपण म्हणजे कोण, आजोबा?”